मोटार धुण्याचे आठ आणे

मोटार दर आठवड्याला धुऊन घेण्यात पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न एखाद्या व्यवहारी माणसाने पान खाता खाता निकालात काढला असता. मला तो बारा वर्षांत सुटलेला नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर तो लिहून पाहावा असे वाटले, कारण बोलून पाहिले तेव्हा प्रत्येक वेळी मी काहीतरी निराळेच बोललो आणि त्यातले एक बोलणे एका माणसाला फार लागले.

आमगावात आमचा धानाचा व्यापार आणि थोडी घरची धानाची शेती. वडिलांच्या वेळेपासून घरी एक दमनी होती. आता ज्यांनी दमनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : बैलांची हलकी, छपराची, माणसे बसण्यासाठीची गाडी. तिला पांढऱ्या बैलांची जोडी असे, आणि त्या जोडीला एक गाडीवान. मी सहा वर्षांचा असताना तो विशीतला होता. मला मांडीवर बसवून त्याने माझ्या हातात कासरा दिलेला मला आठवतो. पुढे मी मालक झालो, तो मला मालक म्हणू लागला. मी मात्र त्याला लहानपणापासून काकाजी म्हणत आलो.

त्याचा हात गुणाचा आहे असे सारे गाव म्हणे. बैलाचा खांदा सुजला, पाय मुरगळला, बैल चारा खाईना, की लोक त्याला बोलवीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानाने शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तेवढाच आराम. त्या संध्याकाळी लोक आपापले बैल घेऊन त्याच्या दारापुढे येत, आणि निदान पहिला हात तरी त्याने लावावा असा आग्रह धरत. त्याच्याजवळ शेत नव्हते, घर आम्ही दिलेले होते. हा हात एवढेच त्याचे स्वतःचे होते. हे मला तेव्हाही माहीत होते. म्हणूनच पुढचे लिहायला जड जाते.

मोटार घेण्याचे कारण मी घरी वेगळे सांगितले. गावोगाव धान पाहायला जावे लागते, वेळ वाचेल, असे म्हणालो. खरे कारण गोंदियाच्या एका गिरणीच्या फाटकावर घडले. मी सौद्यासाठी गेलो होतो. दरवानाने आत जाऊन वर्दी दिली, "साहब, वो दमनीवाला आया है." आत दोन मोटारी उभ्या होत्या. त्या दिवशी सौदा चांगला झाला, पण परतताना मी काकाजीशी एक शब्द बोललो नाही. जणू दमनी त्यानेच शोधून काढली होती.

सहा महिन्यांत मी जंगलाच्या एका ठेकेदाराची वापरलेली मोटार घेतली. काळी, कापडी छपराची, बाजूला पाय ठेवायला फळी असलेली. बैल देवरीकडच्या एका शेतकऱ्याला विकले. ते पोचवायला काकाजीच गेला, पायी, दोन दिवस. परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोन घुंगरमाळा होत्या. त्या त्याने गोठ्यातल्या खुंटीला टांगल्या, आणि दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळेला अंगणात येऊन उभा राहिला.

"मालक, आता मी का करू?"

मी याचा विचारच केला नव्हता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. त्याला मोटार चालवायला शिकवावे असे माझ्या मनात येऊन गेले होते. पण मोटार वळवायचे ते चाक मला माझ्या हातात हवे होते. गिरणीच्या फाटकातून आत शिरताना दरवानाने मला पाहायला हवे होते. म्हणून मी अंगणातल्या मोटारीकडे बोट केले.

"हिले धुवा, काकाजी. दर बुधवारी. आठ आणे देईन, अन् जेवण."

तो मोटारीभोवती एकदा फिरला. पुढच्या जाळीवर हात ठेवून पाहिला, जसा नव्या बैलाच्या कपाळावर ठेवतात. मग म्हणाला, "गरम हाय जी हे."

पहिल्या बुधवारी तो तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याची, एक पेंडी आणि आपली जुनी तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, घेऊन आला आणि मोटारीच्या पुढे उभा राहिला. "चाला."

"कुठं?"

"तलावावर. अजून कुठं?"

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मोटार धुवायची म्हणजे तलावात न्यायची, याखेरीज दुसरा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही. विहिरीचे पाणी पिण्याचे. धुण्याचे सगळे तलावावर. बैल तिथे धुतात, म्हशी तिथे धुतात, खाचरे, म्हणजे ओझ्याच्या बैलगाड्या, तिथे धुतात. मी चार इयत्ता इंग्रजी शिकलेला माणूस, पण मलाही ते सरळच वाटले. काकाजी काठी खांद्यावर टाकून पुढे चालू लागला. मागे मी हळूहळू मोटार चालवत. बाजारातून, पाळीवरून म्हणजे तलावाच्या बांधावरून, खाली उतारावर. तो मागे वळून पाहत नव्हता. तलावाच्या काठाशी त्याने धोतर वर खोवले, गुडघाभर पाण्यात गेला, मग वळला आणि हात केला.

"या."

मी मोटार पाण्यात घातली. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आले तेव्हा थांबलो. तो म्हणाला, "पोटाले पानी लागलं पायजे जी. तवाच ते निवते."

मग त्याने धुतली. कपाळापासून सुरुवात, मग खांदे, म्हणजे चाकांवरचे पत्रे, मग पाठ, मागे शेवटी. मागून हात घातला तर जनावर बिचकते, असे त्याने मला सांगितले. मी आत चाकाशी बसून राहिलो. मोटार बिचकत नसते हे मी त्याला सांगितले नाही. उन्हात काळा रंग चमकू लागला आणि त्यात पाळीवरची झाडे उलटी दिसू लागली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आठ आण्यांऐवजी बारा दिले.

असे सहा वर्षे दर बुधवारी चालले.

बायकोचे मत पहिल्या महिन्यापासून पक्के होते. आमच्याकडच्या रस्त्यांवर लाल मुरूम. गोंदियाला एकदा जाऊन आले की मोटार विटेसारखी दिसे. "बुधवारी धुता, बिस्तरवारी लाल होते," ती म्हणे. "मंग धुता कायले? त्यापेक्षा लाल रंगच देऊन टाका तिले."

मला तिचे पटे. पुढच्याच बुधवारी चमकणारी मोटार पाहिली की पटत नसे. मी जाणत्यांना विचारले. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, "सेठजी, गाड़ी पेट्रोल से चलती है, नहाने से नहीं." सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, ज्यांच्याकडे स्वतःची मोटार होती, त्यांनी सांगितले की धूळ रंग खाते, नियमाने धुवावी, पैसे वसूल होतात. एका कंत्राटदाराने उलट सांगितले की धुण्याने रंग जातो, धुळीने तो झाकून राहतो. तिघेही ठामपणे बोलले. माझी मोटार मात्र एकच होती. धुतली नसती तर ती कशी राहिली असती हे पाहायला दुसरी तशीच मोटार न धुता ठेवायला हवी होती. मी हा विचार बायकोला बोलून दाखवला. ती भाजी ढवळायची थांबली.

आणि हेही लिहितो की ते आठ आणे धुण्याचे नव्हतेच कदाचित. गाडीवान असताना त्याला वर्षाचे धान मिळे, दसऱ्याला धोतरजोडी मिळे. ते मी बंद केले होते, कारण आता दमनी नव्हती. आठ आणे दिले की बुधवारी रात्री मला बरी झोप लागे. मोटारीचे आयुष्य वाढत होते की नाही, मला ठाऊक नाही.

पोळा आला की तो मोटारीचेही खांदे शेकी. पहिल्या वर्षी मी हसलो. तो गोठ्याच्या दाराशी, हातात पळसाचे पान घेऊन, चाकावरच्या काळ्या पत्र्याला हळद-लोणी लावत होता आणि बैलांना म्हणतात तेच म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या पत्र्यावर पिवळा डाग राहिला तो कधी गेला नाही. मी हसलो तेव्हा तो म्हणाला, "वर्सभर ओढते ना जी तुमाले."

मग लढाई आली आणि पेट्रोलला चिठ्ठ्या लागल्या. मला मिळे ते पेट्रोल महिन्यातून गोंदियाच्या दोन फेऱ्यांना जेमतेम पुरे. बाकी दिवस मोटार गोठ्यात, जिथे पूर्वी बैल बांधत तिथे, उभी. मला वाटले आता बुधवार आपोआप बंद होईल. जी चालत नाही ती मळत नाही, एवढे तर कोणालाही कळेल.

पण बुधवारी सकाळी काकाजी आला तो एका शेतकऱ्याची जोडी मागून घेऊन. दोराने त्याने ती मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधली.

"तेल नाई त नाई," तो म्हणाला. "उभ्या जनावराले गोचिडं जास्त लागते."

मी चाकाशी बसलो. बैल पुढे, काकाजी त्यांच्याही पुढे. अशी आमची मोटार बाजारातून तलावावर निघाली, आठवड्यामागून आठवडे. पोरे मागे धावत. मी वर्तमानपत्र समोर धरून बसू लागलो. आठ आणे देत होतोच. उभी असलेली मोटार बैलांनी ओढून नेऊन धुऊन आणण्याचे आठ आणे. बायको म्हणाली, "आता त तुमी मले विचारू नका." मी विचारले नाही.

ज्या बुधवारी मी ते बोललो, त्या दिवशी कापडाचा दुकानदार आपल्या ओट्यावर चार गिऱ्हाइकांबरोबर बसला होता. आमची वरात समोरून जाऊ लागली तसा तो म्हणाला, "शेटजी, बैल विकून मोटार घेतली. आता मोटारीले बैल जुंपले. पुढल्या साली कोनाले जुंपता?"

ओटा हसला. पुढे काकाजीही हसला, कारण त्याला ती थट्टा बैलांची वाटली. मला मात्र ती गिरणीच्या दरवानासारखी लागली. तलावावरून परत येईपर्यंत मी मनात ठरवले की हे आता बंद. पण आठ आण्यांसाठी बंद करतो असे म्हणायची मला लाज वाटली. लोक हसतात म्हणून करतो असे म्हणायची त्याहून जास्त. म्हणून मी तिसरेच कारण काढले. ते मला त्या क्षणी सुचले. त्याच्या खरेखोटेपणाशी माझा काही संबंध नव्हता.

"काकाजी," मी म्हणालो, "आता धुवू नका. पाण्यानं लोखंड सडते. तुमच्या धुण्यानं मोटार सडून राहिली."

तो बैलांचा दोर सोडत होता. हात तसाच राहिला. "आतून?"

"आतून."

"कवापासून?"

मला थांबायला हवे होते. "पहिल्यापासूनच," मी म्हणालो.

त्याने दोर गुंडाळला, बैल घेतले आणि गेला. जेवायला थांबला नाही. मी बायकोला सांगितले की त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

पुढचा बुधवार गेला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या बुधवारी बायको त्याच्या घरी भाकर-भाजी घेऊन गेली, कारण तो एकटाच होता, आणि परत आली ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमी त्याइले का म्हनलं?"

"काही नाही. धुणं बंद केलं."

"ते म्हनते, माह्या हातानं मालकाची मोटार सडली. सहा वर्स मी तिले मारून राहिलो अन् मले समजलं नाई. कोनाच्या बैलाले हात लावत नाई आता. कालच एक जन सुजल्या खांद्याचा बैल घेऊन आला होता, त वापस पाठवला. म्हने, हा हात चांगला नाई."

पोळ्याला तीन आठवडे उरले होते.

इथून पुढे मी सरळ जाऊन सांगायला हवे होते की मी खोटे बोललो. मी तसे केले नाही. मला वाटले, युक्तीने गेलेले युक्तीने परत येईल. मी गोंदियाहून मिस्त्रीला गाडीने बोलावले आणि स्टेशनवरून घरी येताना त्याला नीट पढवले. त्याने मोटार इकडून तिकडून पाहावी आणि म्हातारा समोर असताना मोठ्याने म्हणावे की धुण्याने हिचे काही बिघडले नाही. तो म्हणाला, "इतना ही? इसमें क्या है." काकाजीला मी निरोप पाठवून बोलावून घेतले. तो आला आणि गोठ्याच्या दाराशी, मोटारीपासून लांब, हात मागे बांधून उभा राहिला.

मिस्त्री प्रामाणिक निघाला. नुसते पाहून सांगणे त्याला पटेना. त्याने एक चाक काढले, मग आतले ब्रेकचे झाकण काढले. ते निघेना, ठोकावे लागले. आणि ते निघाले तेव्हा आतून ओंजळभर काळा चिखल जमिनीवर पडला. त्या चिखलात नखाएवढ्या गोगलगाई होत्या. लोखंड लाल होऊन पापुद्रे सुटत होते.

मिस्त्री मागे सरकला. "सेठजी, ये मोटर है कि मगरमच्छ? इसके पेट में तो पूरा तालाब है." मी पढवलेले सारे तो विसरला. दुसरे चाक काढले, तेच. "अरे, इसको पानी में उतारता कौन था?"

मी इतक्या वेळा हा क्षण आठवला आहे की आता मला तो नीट आठवत नाही. मी तोंड उघडले होते एवढे खरे. चाक सहा वर्षे माझ्या हातात होते. मोटार पाण्यात घालणारा पाय माझा होता. त्याने नुसता हात केला होता. हे सांगायला चार शब्द पुरे होते, आणि मिस्त्री माझ्याकडेच पाहत होता.

दाराशी काकाजी म्हणाला, "मीनंच नेलो जी."

मिस्त्री त्याच्याकडे वळला. "बाबा, बैल समझा था क्या?"

"हो जी," काकाजी म्हणाला.

मी मिस्त्रीला चहा हवा का, असे विचारले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ आहे तो मी कोणाला समजावू शकलेलो नाही. मी खोटे बोललो होतो. ते खरे निघाले. मग मी खोटे बोललो की खरे? मी त्याच्या हाताला दोष दिला, दोष निघालाही, पण तो हाताचा नव्हता. त्याने वर वर धुतले त्याने काहीच बिघडले नव्हते, उलट मिस्त्री म्हणाला की वरचा रंग त्या वयाच्या मोटारीत त्याने इतका चांगला पाहिला नाही. बिघडवले ते तलावात उतरण्याने, आणि उतरवली मी. म्हणजे धुणे फायद्याचे होते आणि धुण्याची जागा तोट्याची. मी त्याला दिलेले आठ आणे वसूल झाले होते. फुकट झाले ते माझे चालवणे.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. उठला नाही. मी समोर ओट्यावर बसलो.

"काकाजी, काल मी बोललो नाही. मोटार पाण्यात मी घातली. चाक माझ्या हातात होतं."

तो दोर वळत राहिला. "मी पुढं होतो का नोतो?"

"होता."

"मी 'या' म्हनलो का नाई?"

"म्हटलं."

"मंग नेलं कोनं?"

"अहो, तुम्ही नुसता हात केला. मोटार काय हाताकडे पाहून चालते? चालवत मी होतो."

आता त्याने दोर खाली ठेवला. तो रागावला होता, आणि मला कशावर ते कळेना. "सहा वर्स बाजारानं पाह्यलं," तो म्हणाला. "गाडीवानाच्या मांगं मोटार चालते म्हनून. मोटार असो का बैल असो, पान्यात गाडीवानच नेते. मालक मांगं बसते. तुमी आता म्हनता का मी नुसता चिंधी मारनारा होतो."

दोष माझ्याकडे घेतला तर त्याची गाडीवानकी जात होती. त्याच्याकडे ठेवला तर त्याचा हात जात होता. मी दोन्हींपैकी काय द्यायला आलो होतो, मला समजेना. म्हणून जे उरले होते ते सांगितले.

"काकाजी, मी तेव्हा खोटं बोललो होतो. मोटार सडली हे मला माहीत नव्हतं. लोक हसले म्हणून तुमचं धुणं बंद करायचं होतं."

त्याने मान वर केली. "पन सडली त होती."

"होती."

"मंग त्यात खोटं का हाय?"

तो पुन्हा दोर वळू लागला, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, पूर्वी म्हणत असे तसे म्हणाला, "बाबू, हसनाऱ्याइचं सांगायचं होतं ना मले. मी बी हसलो होतो त्या दिवशी."

मी उठलो. फाटकाशी वळून म्हणालो, "बुधवारी या."

"मोटार धुवाची हाय का नाई, तेवढं पक्कं सांगा."

"धुवायची आहे," मी म्हणालो. का म्हणालो ते विचारू नये. मिस्त्रीने चाके साफ करून बसवली होती, पण पुढचे ब्रेक गेले ते गेलेच होते. नवे भाग लढाई संपल्याशिवाय येणार नव्हते. मोटार चालणार नव्हती.

पोळ्याच्या आधीचा तो बुधवार. तो जोडी घेऊन आला, पण त्या बैलांना त्याने हात लावला नव्हता. त्यांच्या मालकाने गोठ्यापर्यंत आणून दोर बांधून दिले. काकाजी नेहमीप्रमाणे पुढे जाऊन उभा राहिला. मी मोटारीचे पुढचे दार उघडले.

"तुम्ही इथं बसा. चाक धरा. मी मागं बसतो."

तो हलला नाही. मी मागच्या गादीवर जाऊन बसलो आणि वाट पाहिली. बैलवाला एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मग काकाजी आला, पाय झटकून आत चढला, पुढची काच खाली पाडून घेतली आणि त्यावरून कासरा आत ओढला. एका हातात कासरा, एका हातात चाक. तोंडाने बैलांना आवाज दिला.

बाजारात कापडाचा दुकानदार ओट्यावरच होता. "काऊन जी गाडीवान, आज मालक सवारी झाले का?"

"मालकच हाय," काकाजी समोर पाहत म्हणाला. "मांगं बसले हाय."

मी या वेळी वर्तमानपत्र नेले नव्हते. हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हते. समोर त्याची पाठ होती; दमनीत बसून लहानपणी मी तीच पाठ पाहत असे.

तलावाचा उतार आला. मी मनात म्हणत होतो की आता सांगावे, थांबा म्हणावे. पण मागे बसणाऱ्याने काही म्हणायचे नसते हे मी नुकतेच शिकलो होतो. बैल पाणी पाहून ओढ घेऊ लागले. पाण्यापासून एका हातावर त्याने कासरा ओढला. बैल थांबले, मोटार त्यांच्या मागच्या पायांपर्यंत आली आणि थांबली. तो उतरला, एकटाच पाण्यात गेला, घोट्यापर्यंत, आणि तिथून मोटारीकडे पाहत उभा राहिला. त्याने हात केला नाही.

"उतरा बाबू," तो म्हणाला. "घागरी आना."

घागरी बैलवाल्याच्या घरून आणल्या. पाणी मी वाहिले, कारण तो धूत होता आणि बैलवाला बैल धरून होता. कपाळ, खांदे, पाठ, मागे शेवटी. चाकांवर त्याने एक थेंब पडू दिला नाही. तिथे तणसाचा कोरडा बोळा फिरवला. माझा सदरा भिजला, पाळीवर धुणाऱ्या बायका हसल्या. पिवळ्या डागाशी तो थांबला, अंगठ्याने घासून पाहिला, सोडून दिला.

काम झाल्यावर त्याने हात धुतले. मग जरा घुटमळून उजव्या बाजूच्या बैलाकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला. दीड महिन्यात पहिल्यांदा. दाबले नाही, चोळले नाही, नुसता ठेवला. बैलाने मान खाली केली. बैलवाला म्हणाला, "उद्या संध्याकाळी आनू ना जी? खांदशेकनीले?"

"आन," तो म्हणाला. "पन पयला हात तूच लाव. मी मंग पाहतो."

घरी आल्यावर मी आठ आणे दिले. त्याने ते धोतराच्या सोग्याला बांधले आणि म्हणाला, पुढल्या बुधवारी घागरी दोन जास्त लागतील. तो जेवायला बसला तेव्हा बायको माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहत आत आली.

"आता कायचे दिले आठ आने?"

"धुण्याचे."

"अन् पानी कोनं आनलं?"

"मी."

"मंग तुमाले कोन देनार?" ती म्हणाली, आणि त्याला वाढायला गेली.